ती पावलं माझी

मंगळवार, १२ मार्च

प्रिय भांडकुदळ,

तू बरी असशील असं धरून चालतो. मीही मजेत. खोकला गेला. आई अजून कॉलेजचा विषय काढते, मी अजून ताटावरून उठतो. म्हणजे घरी सगळं ठीक.

नवं काम आवडतंय. जमिनीत खोल भोक पाडायचं, तळाशी एक यंत्र सोडायचं, दुसरं वर मातीत पुरायचं आणि भूकंपाची वाट बघायची. हसू नकोस. लहानसहान धक्के येतच असतात, आपल्याला कळत नाहीत इतकंच. लाट आधी खालच्या यंत्राला लागते, मग वरच्या. मधल्या मातीतून झपाट्याने आली तर माती कणखर, रमतगमत आली तर भुसभुशीत. त्यावरून आमच्या इंजिनिअर बाई पाया किती खोल हवा ते सांगतात.

तुझ्या बाबांच्या जागेवर ती रमतगमत आली.

हे तुला ठाऊक आहे. त्या दुपारी वरच्या यंत्राजवळ कुणीतरी येरझाऱ्या घालत होतं, हेही ठाऊक आहे. नोंदीत पावलं उमटलीत. धक्का बसला तरी थांबलेली नाहीत. बाई म्हणाल्या, "जमीन हलली तरी याला पत्ता नाही. कुणाच्या तंद्रीत होता देव जाणे." माझे कान तापले. मी तारा गुंडाळायला घेतल्या.

परवा तुझे बाबा भेटले. आजवर ओळख न देणाऱ्या माणसाने मला चहा पाजला. म्हणाले, पाया खोल न्यायचा तर इमारत वर्षभर रखडेल. तू बाईंना एवढंच सांग, की 'मी यंत्राजवळ नाचत होतो, ती नोंद धरू नका.' मग आवाज उतरवून म्हणाले, "पोरीचं मी बघतो. घरी येत जा."

खरं सांगू? कप खाली ठेवेपर्यंत मी मनात लग्न लावून मोकळा झालो होतो.

मग डोक्यात आलं, तो मी होतो हे यांना कुणी सांगितलं? तिथे ये म्हणणारी एकच होती. आली नाहीस, त्याबद्दल मी अवाक्षर काढलं नव्हतं, काढणारही नव्हतो.

आज सकाळी बाईंना सांगून टाकलं, ती पावलं माझी. त्यांनी कारण विचारलं नाही. पुन्हा तिथेच चालायला लावलं. मी पाय आपटत चाललो, राग होताच. वरच्या यंत्रात धाडधाड, खालच्यात काही नाही. माझी पावलं वरून खाली जातात, भूकंप खालून वर येतो. बाईंनी दोन्ही वेगळे काढून दाखवले. नोंद कायम आहे. बाबांना कळव. बाकीचं कळवतेस तसं हेही.

कॉलेज मी रागाच्या भरात सोडलं, सरांच्या टेबलावर वही आपटून. हे रागात केलेलं नाही. तिसऱ्या मजल्यावरचं कोपऱ्यातलं घर तुझ्यासाठी ठेवलंय, असं तुझे बाबाच चहा पिताना सांगत होते. तुला मिळवायला खोटं बोलायचं आणि त्याच खोट्यावर तुला झोपवायचं? जमणार नाही. त्यापेक्षा तू खुशाल दुसऱ्याशी लग्न कर. पण खोल पायाच्या घरात राहा.

शनिवारी दुपारी मी त्याच जागेवर असेन. यंत्र काढायचंय, तुझ्यासाठी नाही. भांडायचं असेल तर समोर येऊन भांड.

तुझाच,
तुझ्या बाबांचा जावई होता होता राहिलेला