कणकेचं माप

सर, आज दुपारभर तुमच्या लेथपाशी उभी राहिले आणि काहीच कातलं नाही. तुम्ही असतात तर खेकसला असतात, "मोटर चालू ठेवलीय ती काय वारा घ्यायला?" तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी देवळाली कॅम्पातल्या आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये शिरलं की मी आधी तुमच्या खुर्चीकडे बघते. आपला लाकूड कातणाऱ्यांचा क्लब अजून चालू आहे. चालू म्हणजे काय, उरलेसुरले आम्ही तिघं-चौघं, सगळ्यांचे गुडघे गेलेले. पण रविवारी जळीत वॉर्डात जायचं आम्ही चुकवत नाही. तुमच्यामागून काकूही गेल्या, तेव्हापासून कणीक मी मळते, पुरीच्या कणकेहूनही घट्ट, आणि ओल्या फडक्यात गुंडाळून नेते. आखडलेल्या हातात गोळा द्यायचा, पेशंटने बोटं जमतील तेवढी उघडून तो नुसता धरायचा, आणि बोटांमध्ये जेवढा मावेल तेवढ्या जाडीची लाकडी मूठ कातून पुढच्या रविवारी द्यायची. ती धरून धरून हात थोडा सैल पडतो. मग त्याहून जाड मूठ, मग आणखी जाड. लाकूड जाड होत गेलं म्हणजे हात उघडतोय. फूटपट्टीने घेतलेलं माप तुम्हाला कधीच चाललं नाही. कणीक खोटं बोलत नाही, म्हणायचात.

मला तो गोळा आधी त्याच वॉर्डातल्या खाटेवरून माहीत झाला, लेथवरून नंतर. माझ्या कागदांवर 'स्टोव्ह भडकला' असं लिहिलं होतं आणि ते मीच सांगितलं होतं, कारण नवरा दारात उभा होता. तुम्ही काहीच विचारलं नाहीत. उजव्या हातात कणीक ठेवलीत आणि म्हणालात, "बोटं उघडून धरा बरं. दुखलं की थांबा." कणकेचा वास आला आणि मला हुंदका फुटला. घरची पोळी आठवली म्हणून रडले की ती आता लाटायची नाही म्हणून, ते मला आजही सांगता येणार नाही. डिस्चार्जच्या दिवशी माहेरचं कुणी आलं नाही. तुम्ही माझी पिशवी उचललीत. "मागची खोली रिकामी आहे. हिलाही स्वयंपाकघरात सोबत होईल," एवढंच बोललात, जणू मी सुट्टीला आलेली भाची होते.

दोन दिवसांत नवरा त्याच्या भावांना घेऊन फाटकाशी आला. मी स्वयंपाकघरात पाटावर बसलेली, पुढ्यात वरणभात, डाव्या हातात चमचा. बाहेरून काकूंचा आवाज येतो, "ती जेवतेय. जेवत्या माणसाला उठवायची पद्धत आमच्याकडे नाही." नवऱ्याने आणि भावांनी जाताना अंगणातल्या शेडच्या काचा फोडल्या. तुम्ही झाडू घेऊन काचा भरल्यात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी क्लबातले सगळे आपापली स्टुलं घेऊन आले आणि फाटकाच्या आत ओळीने बसून अनाथाश्रमाच्या पोरांसाठी कातलेले भोवरे पॉलिश पेपरने घासत राहिले. तो रस्त्यापलीकडे उभा, हे इकडे घासतायत. तो यायचा थांबला तोवर त्या आश्रमात गरजेपेक्षा कितीतरी जास्त भोवरे जमा झाले होते.

पुढे तुम्ही मला कातकाम शिकवलंत. मी कातलेली पहिली मूठ आठवते? शिसवाची, चकचकीत, तोंड दिसेल अशी. स्वतःवर फार खूश होते मी. वॉर्डातल्या त्या बाईच्या हातातून ती साबणासारखी निसटली आणि फरशीवर पडली, आणि आपल्याला एवढंही धरता येत नाही म्हणून बाई रडायला लागली. तुम्ही तिच्यासमोरच मला झापलंत. "ही हातासाठी केलीस की शोकेससाठी? माझा हातही यावरून घसरेल. चूक हिची आहे, तुमची नाही ताई." मला इतका राग आला होता तुमचा! त्याच आठवड्यात तुम्ही मला पटाशी दिलीत, जाड दांड्याची, दांड्यावर खाचा पाडलेली. तो दांडा तुम्ही माझ्या शेवटच्या गोळ्याच्या मापाने कातला होता. ती मी अजून वापरते.

आता वॉर्डात वणीकडची एक मुलगी आहे. लग्नाला फार दिवस झालेले नाहीत. तिच्या कागदांवर 'गॅस लीक झाला' असं आहे. स्टोव्ह गेले, गॅस आले, नवरा दारात उभा असतो तो असतोच. सासू दर रविवारी डबा घेऊन येते आणि मलाच विचारते, "हात कधी मोकळा व्हायचा ओ बाई? टमाटे तोडायला आलेत, घरात माणूस नाय." बाप एकदा येऊन गेला. धाकटीचं जमवायचंय, थोरलीला घरी ठेवली तर लोक काय म्हणतील, असं खाली बघून बोलला. मुलीचा हात मात्र छान उघडत होता. प्रत्येक मूठ आधीच्यापेक्षा जाड. मी वेडी, तिला शाबासकी देत होते.

गेल्या रविवारी सासू पाणी आणायला गेली तेव्हा मुलगी माझ्या कानाशी म्हणाली, "ताई, आता जाड नका करू. हात उघडला का मला घिऊन जातील ते. या टायमाला पुरती पेटवतील मला." तेवढ्यात सासू परत आली. मी गोळा पुढे केला. मुलीने तो दाबला, सर, असा दाबला की बोटांची टोकं पांढरी पडली आणि कपाळावर घाम आला. कळ सोसून तिने तो पार पातळ केला. दोन मुठींपूर्वीचं माप आलं. कणीक पहिल्यांदा खोटं बोलली आणि मी ती फडक्यात गुंडाळून घेऊन आले.

तो गोळा आता माझ्यासमोर आहे, वाळून दगड झालाय, मुंग्या लागल्यात. याच मापाची मूठ कातली तर तुमचा नियम पाळला जातो, कुणी मला बोल लावू शकत नाही, आणि तिला वॉर्डात आणखी थोडे दिवस मिळतात. पण व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मला बजावलंय की आता मागे गेलो तर कातडी तशीच धरेल आणि हात कायमचा मिटलेला राहील. आणि मिटलेल्या हाताची सून ते वॉर्डात ठेवतील का घरी नेतील, आणि नेऊन काय करतील, तेही मला दिसतं. जाड कातावी की पातळ, यात मी दुपार घालवली.

खरं सांगू? जाडीचा विचार मी एवढा करत बसले कारण दुसरा करायचा नव्हता. माझ्या घरातही मागे एक खोली आहे. तिच्यात रद्दी आणि जुनी गादी आहे, बाकी काही नाही. पण मी एकटी राहते, माझ्या फाटकाशी स्टुलं टाकून बसण्याइतकं धड आता कुणी उरलेलं नाही, आणि त्या मुलीचा नवरा वॉर्डाच्या दारात किल्ल्या खुळखुळवत उभा असतो ना, तो आवाज आला की या वयातही माझी उजवी मूठ आपोआप वळते.

मूठ जाडच कातणार आहे, पटाशी हातात घेतलीय. उद्या ती तिच्या हातात देईन. त्याबरोबर खोलीचंही बोलेन, असं तुम्हाला लिहून द्यायचं म्हणून मी कागद घेतला होता. ते वाक्य मला अजून लिहिता आलेलं नाही, सर. हा कागद आता ढलप्यांबरोबर केरात जाईल.