ठुमरीला किती आणे

भाद्रपद व. ५
ह्यांची बदली ईटच्या शाळेत. दसऱ्यानंतर निघायचं. तिथं एकच खोली. फोनोच्या सगळ्या रेकॉर्डी न्यायच्या म्हटलं तर भांडी तुळजापुरातच ठेवावी लागतील. एका ट्रंकेत मावतील तेवढ्याच. बाकीच्या येरमाळ्याच्या हॉटेलवाल्याला. घट बसतील त्या दुपारी न्यायला येणार.
हे म्हणाले, "हिशेब तुझा चोख. तूच गुण दे. मी मधे बोलणार नाही."
नवे पैसे आले तरी गुण आण्यांतच. सोळा आणे म्हणजे नक्की न्यायची.

भा. व. ७
उद्या संध्याकाळी देवळात देवी सिंहासनावरून पलंगावर निजायला जाईल. मग घट बसेपर्यंत आपल्याकडं फोनो बंद, गादीही बंद. म्हणून आज सगळ्या वाजवल्या. एक सुई दोन्ही बाजूंना.
बुवांचे अभंग – १६. आरत्या – १६. सनई – १२, मंगलकार्याला लागते. नाटकातलं पद, खरखर फार – ९. हैदराबादच्या बाईंची ठुमरी – ४. सजणाची वाट बघणं, दुसरं काही न्हाई. घरात काय कामाचं.
ठुमरी म्हणजे ह्यांची नोकरीतली पहिली खरेदी, लग्नाआधीची. गुण वाचून "बरं" म्हणाले. फडक्यानं पुसली, पाकिटात घातली. परत काढून पुसली.

भा. व. १०
घर मुकं. सगळे घोंगड्यावर. पाठ धरलीय.
सकाळी वाती वळत होते. सासूबाई म्हणाल्या, "देवी निजलीय, अन् तू कुणाला जागवतीस?" तेव्हा कळलं, गुणगुणत होते. अभंग नव्हता.

भा. व. १२
मुद्दाम बुवांचा अभंग आठवून बघितला. शब्द सगळे आले, चाल येईना. ठुमरीचे शब्द निम्मे कळत न्हाईत, चाल मात्र श्वासासकट येते. बाई एका जागी थांबते तिथं मीही थांबते, वात हातात तशीच.
शेवटी सासूबाईंपाशी विषय काढला.
"बुवाला सोळा आणे कशाबद्दल दिलेस?"
"देवाचं नाव हाय न्हवं त्यात."
"नाव देवाचं. गळा बुवाचाच की. फुटक्या घागरीवानी."
"मग ठुमरीला किती द्यावे?"
"मला काय इचारतीस. देवीला इचार. पण उठल्यावर."

अमावास्या
ट्रंक भरली. एकाच रेकॉर्डीची जागा उरलीय. बुवा का बाई.
४ खोडले. पुढं आकडा लिहवेना. सोळा आणे भक्तीनं दिले का भिऊन...
ह्यांना विचारून उपयोग न्हाई, मधे न बोलायचा शब्द दिलाय. मी ठुमरी वगळली की गेली. हॉटेलात दिवसभर वाजेल, कपबशांच्या आवाजात झिजेल.

आश्विन शु. १
देवी पहाटे सिंहासनावर. घट बसले. उपासाची भगर टाकली.
ह्यांनी फोनो पुसून ट्रंकेवर मांडला. दोन्ही रेकॉर्डी मी समोर ठेवल्या.
"पहिली कुठली लावू?"
"तुम्हीच लावा. वाजेल ती ट्रंकेत."
"अन् तुझे गुण?"
"आज तुमचे."
मी आत आले. भगर अर्धीच शिजलेली, तरी स्टोव्हची हवा सोडली. भरभर थांबली. बाहेर किल्ली देतायत. सासूबाईंनी माळ हातात तशीच धरलीय. पाकिटातनं रेकॉर्ड काढल्याचं ऐकू आलं. सुई अजून टेकली न्हाई.