सुषमाताईंच्या नंबरावरचं नाव

सोम. ३ मार्च
सुषमाताईंचा फोन. कळमेश्वरच्या कारखान्यात क्लार्क. नाल्यात सोडल्या जाणाऱ्या पाण्याची माहिती त्यांनीच मला दिलेली. बातमीत अर्थातच नाव नाही. आज मॅनेजरनं सगळ्यांसमोर स्वतःचा मोबाइल नाचवला. त्यावर ताईंचा नंबर दिसतो तो असा : 'सुषमा कळमेश्वर बातमीवाल्या'.
"भाऊ, हे नाव मले कोनं देलं?"
मीच. माझ्या फोनात असंच सेव्ह आहे. पण त्याच्याकडे कसं?

मंगळ. ४
ऑफिसचे संगणक बघणाऱ्या वंदनाबाईंनी माझा फोन तपासला. अनोळखी नंबरांची नावं सांगणारं फुकट अ‍ॅप. माझी फोनवही थोडीथोडी उचलून जगाला दाखवतंय.
"त्यानं विचारलं होतं सर. तुम्ही 'अलाऊ' दाबलं."
"घाईत होतो."
"टॉर्चच्या अ‍ॅपलेही कॉन्टॅक्ट देऊन ठेवले. टॉर्चले तुमचे सोयरे काहून लागतात जी?"
"अंधारात ओळखू यावेत म्हणून."
हसल्या नाहीत.

बुध. ५
लहानपणी वेदपाठशाळेत घोटून घेतलं होतं : आधी अधिकार ठरवा, मग कर्म. समिधा आणणाऱ्यानं समिधाच आणाव्यात. शास्त्रीबुवांसमोर घडाघडा म्हटलं, आणि घरी येऊन टॉर्चला यजमान केलं. पंचांगाच्या अ‍ॅपला माइक दिलाय. कशाला? राहुकाळात मी काय बरळतो ते ऐकायला?
सगळे अधिकार काढले. गेलेलं परत येत नाही.
संपादक : "होतं असं. बातमी तर गाजली." उठून आलो. बोललो असतो तर दोन नोकऱ्या गेल्या असत्या, ताईंची आणि माझी.

गुरु. ६
ताईंना खरं सांगितलं. त्या : "तुमचं तं अ‍ॅप चुकलं भाऊ. माही नोकरी जाऊन राहिली."
उद्या बाराला मॅनेजर मालकाला ते नाव दाखवणार. त्याआधी अ‍ॅपवरून पुसलं गेलं तर पुरावा नाही.
नाव काढण्याचा अर्ज अ‍ॅपमध्येच. उघडायला गेलो तर म्हणतं, आधी कॉन्टॅक्ट बघू द्या. निर्लज्ज.
वं.बाई : "देऊ नका. जे अजून गेले नाहीत, तेही असेच सेव्ह असतीन."
आहेत. तलाठी, कळमना बाजारातला अडत्या, माहिती देणारे सगळे कामासकट.

शुक्र. ७
सकाळपासून नंबर वहीत उतरवले, फोनातून पुसले. एकूणएक. मग 'अलाऊ' दाबून अर्ज भरला. बघ म्हटलं रिकामं घर.
उत्तर : विनंती मिळाली, चोवीस तास लागतील. घड्याळात अकरा वीस.

१२.४०. फोन वाजतोय. नाव नाही, नुसते दहा आकडे. ओळखले : ताईंचे. पेन ठेवतो