मुलगी बघायला, व्हाया गोलाई

लातूर, मंगळवार

ती. शिवमूर्ती दाजींना मल्लेशचं शरणु शरणार्थी.

देवघरातला चौरंग, शिवकन्येचा पाळणा, उन्हाळ्यात निम्मी गल्ली गार करणारा कूलर आणि आक्काला दिलेलं पोळपाट, एवढं मी कुणाचा शागीर्द न होता या हातांनी बनवलं. (पोळपाट डुगडुगतं असं आक्का सगळ्यांना सांगत सुटलीय. दाजी, तुमचा ओटा उतरता आहे. लेव्हल लावून बघा.) तुमचा गुडघा कसा आहे? आक्काची शुगर? आम्ही सुखरूप. म्हणजे, नीलम्मा माझ्याशी बोलत नाही, एवढंच.

शिवकन्येला बघायला नांदेडहून माणिकप्पा, उमादेवी आणि त्यांचा सोमेश रविवारी येणार, हे तुम्हीच जुळवलेलं. त्यांना घर सापडावं म्हणून मी नाक्यावर उभा राहिलो नि त्यांच्या गाडीत बसलो. इथवर ठीक. पण माणिकप्पांचा धंदा टुरिस्ट गाड्यांचा. त्यांनी सहज विचारलं, लातुरात बघण्यासारखं काय काय आहे हो? दाजी, हा प्रश्न मला विचारायचा असतो का? आमची गल्ली आली, आमची गल्ली गेली, आणि आम्ही औशाच्या किल्ल्यावर पोचलो. हा किल्ला खोलगट जागेत बसवलाय. जवळ जाईपर्यंत पुढं किल्ला आहे याचा पत्ताच लागत नाही. हे त्यांना नीट पटावं म्हणून मी गाडी मागं न्यायला लावली आणि पुन्हा पुढं आणली. (तेवढ्यात नीलम्माचे फोन येऊन गेले. किल्ल्यात रेंज नसते, असं मी तिला नंतर सांगितलं. असते.)

परतताना गंजगोलाई. सोळा रस्ते या एका गोलाला येऊन मिळतात, हे लातूरचं शेंबडं पोरही सांगेल. पण माणिकप्पा मोजल्याशिवाय मानणारे नव्हेत. मी म्हटलं, चला! केळीच्या गाड्यापासून सुरुवात केली, सतरा भरले. पुन्हा फिरलो, अठरा. उमादेवी चपलांच्या दुकानात जाऊन बसल्या. तिसऱ्या फेरीला आम्हाला शोधत आलेली स्कुटी समोर थांबली. वर काठपदराची साडी नेसलेली शिवकन्या.

"पप्पा, हे मला बघायला आलेत का गोलाईला?"

मग तिनं मोर्चा सोमेशकडं वळवला. "आन् तुमी तरी! केळीवाला गाडा ढकलत पुढं चाललाय, त्याच्यामागं काय मोजून राहिलात?"

"मला पहिल्या फेरीलाच दिसलं होतं," तो म्हणाला. "पण तुमचे पप्पा लई रंगात होते. म्हणलं, मोजू द्या."

दोघंही हसले. उमादेवी दुकानातूनच म्हणाल्या, "पोरगी पसंत हाय, पण आता पोहे खायला चला बाई!"

सोमवारी सकाळी मी एकटाच गोलाईत जाऊन उभा राहिलो. एवढी वर्षं पाहुण्यांना सांगत आलो की कुठल्याही रस्त्यानं आत या, मधल्या अंबाबाईच्या देवळापाशीच पोचाल. बाहेर जाणारा रस्ता मात्र मी कधी कुणाला दाखवलाच नव्हता. नांदेडला जायचं तर यातून कुठल्या अंगाला निघायचं, ते त्या दिवशी बघून ठेवलं. घर दाखवायला म्हणून गाडीत बसलो, आणि घर तेवढं सगळ्यात शेवटी दाखवलं. बोलणं बंद करण्याआधी नीलम्मा म्हणाली, तुम्ही मुद्दाम केलंत. तेव्हा मला तसं वाटलं नव्हतं. आता वाटतंय.

तुमचा,
मल्लेश

ता. क. : खरं काम असं की सोमेशचं घर तुमच्यापासून जवळच आहे. एकदा जाऊन या. जिना किती उभा आहे, स्वयंपाकघरात उजेड कुठून येतो, पोरीला एकटीला बसावं वाटलं तर जागा आहे का, ते बघा. चहा घेता घेता बघा, टेप काढू नका.

आणखी एक. निघताना माणिकप्पा म्हणाले, "इवाई, नांदेडला या. आमच्या गाडीवर गाईड म्हणून ऱ्हावा, लेकबी नजरेसमोर ऱ्हाईल." आक्काला सांगू नका, पण त्यांची गाडी दिसेनाशी होईपर्यंत मी विचार करत होतो. मग फोन करून नाही म्हणालो. लेकीच्या सासऱ्याचा पगार कसा घ्यायचा, दाजी? महिना बावीस हजार, वर जेवण.