ओहळातून उचललेली टोपली

शहापूर,
८ जुलै

रविनावहिनी,

नमस्कार. आई बरी आहे, अंगणापर्यंत चालते. तू फोन उचलत नाहीस, म्हणून दादाच्या हाती मुरबाडला ही चिठ्ठी. अक्षर माझं आहे म्हणून फाडू नकोस.

लोकांचा राग नाकावर असतो, माझा संशय. रानातले कडूकंद खाऊन आईला उलट्या झाल्या, दवाखान्यात न्यावं लागलं, तेव्हा पहिलं बोट मीच तुझ्याकडे दाखवलं. "वहिनीनं कंद नीट उकडलेच नाय," असं चारचौघांत म्हणाले. आई म्हणाली, "तिला सांग, माझे चुलीला हात लावायचा नाय." त्याच दिवशी तू माहेरी गेलीस. मग मला शेजारच्या गोदूकाकीचा संशय आला. तिनंच ओहळातल्या टोपलीत कच्चे काप मिसळले असतील!

परवा कॉलेजात प्रॅक्टिकल होतं. बिटाचे काप धुऊन थंड पाण्यात टाकले, पाणी तसंच राहिलं. उकळत्या पाण्यात टाकले, तर लालभडक. मॅडम म्हणाल्या, प्रत्येक पेशीभोवती पडदा असतो, तो आतलं आत धरून ठेवतो. उकळलं की फाटतो आणि रंग बाहेर पडतो. पण आत-बाहेर सारखंच लाल झालं की पुढे काप फिके होत नाहीत. पाणी बदललं, की पुन्हा रंग सुटतो.

मला तिथंच आपली कंदाची टोपली आठवली.

वहिनी, तू राख घालून कंद चांगले उकडले होतेस. मी पाहिलं होतं. काप टोपलीत भरून ओहळाच्या धारेत दगड ठेवून दाबलेस, विषारी कडूपणा वाहून जावा म्हणून. तू घरी गेल्यावर गोदूकाकी तिथं धुणं घेऊन आली. मला वाटलं, ही टोपली लांबवणार. मी ती घरी आणून मागच्या पडवीत पातेल्यातल्या पाण्यात ठेवली आणि सकाळी तू यायच्या आत परत धारेत नेऊन ठेवली. रात्रभर तेच पाणी, कंदाइतकंच कडू झालेलं.

अजून एक. पहिल्या घासालाच आई म्हणाली होती, "कडू लागतं गो." मीच म्हटलं, "कडूकंद गोड कसा लागेल? खा."

आईला हे सांगायला जीभ उचलत नाही. म्हणून पाकीट चिकटवलेलं नाही. दादा वाटेत उघडून वाचणार, मला ठाऊक आहे. वाचू दे. तो परतला की संध्याकाळपर्यंत आईला कळेल.

मला माफ कर असं कुठल्या तोंडानं म्हणू? पण चूल तुझी आहे, तू ये. कंद तू धारेत ठेव. मी ओहळाकडे फिरकणार नाही.

तुझ्यावर आळ घेणारी तुझी नणंद,
हर्षाली