डे-केअरमधला संप

४ नोव्हेंबर, मंगळवार
अच्छन गेले! स्वतःच्या पायांनी! किती दिवस दाराची कडी धरून बसायचे – "म्हाताऱ्यांत मी कशाला?" आज लेकीने डोकं चालवलं, म्हटलं, "अच्छन, युनियन ऑफिसात माणसं खोळंबलीत." लगेच मुंडू नेसून तयार! तर आता डे-केअर म्हणजे युनियन ऑफिस. असू दे. काथ्याच्या सोसायटीतली माझी सगळी रजा संपलीय. हे जमलं नाही तर नोकरी गेलीच म्हणायची.

५ नोव्हेंबर
मासे-भात जेवले म्हणे. भांडण नाही. नजर न लागो.

६ नोव्हेंबर
लागली! डे-केअरला तांदळाचा टेम्पो आला आणि अच्छन त्याच्यापुढे आडवे. "आमच्या माणसांशिवाय पोत्याला कुणी हात लावायचा नाही!" उभी हयात आलप्पुळाच्या बाजारात हमालांचं पुढारीपण केलं. सकाळी दात घासले का ते आठवत नाही, पण हे बरोब्बर आठवतं!
'आमची माणसं' म्हणजे तिथे येणाऱ्या ओमना टीचर आणि तीन आजोबा – चौघंही सगळं विसरलेले. डोक्याला टॉवेल बांधून रांगेत उभे! आणि टेम्पोवाला? आमच्याकडचाच तो, इथे युनियनशी कोण वाद घालणार! युनियन म्हटल्यावर मुकाट्याने चावी काढून विडी ओढत बसला. दुपारी सगळ्यांना भाताऐवजी बिस्किटं.

७ नोव्हेंबर
संप चालूच. घोषणा दणक्यात, मागणी कुणालाच आठवत नाही! ओमना टीचर ठणकावून म्हणाल्या, "आधी मान्य करा, मग सांगू!"
केंद्र चालवणाऱ्या रोसम्मा चेचींनी मला बोलावून घेतलं. "लतिके, उद्या मिटव. नाहीतर बापाला घरी ने बाई." रिक्षात मी रडले. हसूही येत होतं, मेलं.
अच्छन बोलणी फक्त मालकाशी करणार म्हणे. चेची म्हणाल्या, "मग तूच हो मालक."

८ नोव्हेंबर
चेचींच्या खुर्चीत मी. समोर अच्छन, ताठ. मला 'मॅडम' म्हणाले. ओळखलंच नाही. तरी विचारलं, "मागणी काय?"
अच्छननी टेबलावर मूठ आपटली – "एक बाई मला रोज इथे सोडायला येते. कोण, कुणाची, माहीत नाही. फार दमलेली असते बिचारी. तिला एक दिवस रजा द्या. त्याशिवाय पोती उतरणार नाहीत!"