उलटी तबकडी

३ मार्च, मंगळवार

सकाळी सकाळी दादाचा फोन. आजोबांचं खिशातलं घड्याळ रेल्वेच्या क्लबात काचेच्या पेटीत ठेवणार आहेत म्हणे. पंधरा तारखेला समारंभ. पितळी पाटी, आजोबांचं नाव, भाषण — भाषण अर्थात दादाचं. क्लबवाल्यांनी एकच खोडा घातलाय: घड्याळ कुठल्या सालचं ते कोणीतरी तपासून लिहून द्या.

"तू वजनमापे खात्यात होतीस. तुला शिक्के कळतात. एक कागद लिही आणि ठोक सही."

म्हणजे निकाल आधी, तपासणी नंतर. असे दुकानदार मला नोकरीत रोज भेटायचे.

४ मार्च

वहिनी घड्याळ घेऊन आली. डब्यात रुमाल, रुमालात मखमल, मखमलीत घड्याळ. शिवाय दादाने छापलेली पुस्तिका. तीही वाचून दाखवली! १९०४ साली पूल खचला, आजोबांनी इंजिन थांबवलं, साहेबाने स्वतःच्या खिशातलं घड्याळ काढून त्यांच्या हातावर ठेवलं. माझ्या लहानपणी या गोष्टीत पुलावर गुडघाभर पाणी होतं. आता इंजिन बुडतं.

घड्याळ कडीला धरून लोंबतं ठेवलं की बारा खाली, सहा वर. तबकडी साफ उलटी. त्याचंही उत्तर घरात तयार असतं: कुठल्याशा दारुड्या कारागिराने दुरुस्त करताना उलटी बसवली. आमच्या घरात चूक नेहमी बाहेरच्याची.

"मागचं झाकण उघडू नका हं," वहिनी जाताना म्हणाली. "मामंजी कुणाला उघडू द्यायचे नाहीत."

बाबा उघडू द्यायचे नाहीत म्हणजे आधी तेच उघडायला हवं.

६ मार्च

घड्याळजीकडे. झाकण बघण्याआधीच याने तबकडीला हात घातला. "ताई, हे उलटं आहे. सुलटं करून देतो, नव्यासारखं."

"हात काढा. झाकण उघडा, साफ करा, तेल घाला. बाकी अक्कल नको."

तोंड वाकडं करून केलं. किल्ली फिरवली आणि चालू झालं. झाकणाच्या आत तीन ठसे — एक चांदीच्या कसाचा, एक तो तपासणाऱ्या शहराचा, एक नुसतं अक्षर. हे अक्षर दर वर्षी बदलतं, त्यावरून साल कळतं. घरी येऊन तक्ता काढला, भिंग लावलं, दोनदा ताडून पाहिलं.

१९१२.

७ मार्च

दादाला फोन केला. क्षणभरही अडखळला नाही.

"सरकारी बक्षिसं उशिराच मिळतात."

"साहेबाने स्वतःच्या खिशातून काढलं ना? मग आठ वर्षं खिशात हात घालून उभा होता का?"

"तुला आमचं काही चांगलं बघवत नाही."

'आमचं'! मी काय कचराकुंडीत सापडले होते?

९ मार्च

घड्याळ किती मागे पडतं ते भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून बघत होते. भांडी घासायची होती, हात ओले. म्हणून कडीत पिन अडकवून ते खांद्याजवळ पदराला टाचलं. थोड्या वेळाने मान खाली घालून पाहिलं तर तबकडी सुलटी! बारा वर, सहा खाली. समोरच्याला उलटं, जिच्या छातीवर टाचलंय तिला सरळ.

कोणी दारुडा नव्हता. बनवलंच असं आहे. सेकंदाचा काटाही केवढा मोठा. हात कामात असताना सेकंद मोजावे लागतात ते कोणाला? नर्सला. आजोबा इंजिनावर नाडी कोणाची बघत होते? बॉयलरची?

मी भांडी तशीच ठेवली आणि हसत बसले.

१० मार्च

आत्याकडे. चौऱ्याण्णव वर्षांची, कान अर्धे गेले, जीभ शाबूत. घड्याळ तिच्या हातात दिलं.

"हे आईचं."

"आजीचं? आत्या, आजी तर कधी घराबाहेरसुद्धा पडली नाही म्हणतात."

"लग्नानंतर नाही पडली. त्याआधी मोठ्या इस्पितळात होती. आमच्या बाबांना ते चालायचं नाही. परक्या पुरुषांची अंगं पुसणारी बायको म्हणून चारचौघांत कसं सांगायचं? मग घड्याळ गेलं पेटीत."

"आणि साहेब?"

"साहेब तुझ्या बापाने रचला. आई गेल्यावर."

"इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"विचारलंत का कधी? सगळे मलाच ती गोष्ट ऐकवायला यायचे."

१२ मार्च

कागद लिहिला. घड्याळ १९१२ चं, परिचारिकेचं, आमच्या आजीचं. आजोबांनी गाडी वाचवली असेल, मी फक्त घड्याळापुरतं बोलते. सही केली. इतक्या आनंदाने मी मापात मारणाऱ्या व्यापाऱ्याच्या काट्यालाही सील ठोकलं नसेल.

दादाला फोनवर वाचून दाखवलं. ओरडेल म्हणून फोन कानापासून लांब धरला होता. ओरडला नाही.

"बाबांना माहीत होतं?"

"त्यांनीच रचलं म्हणते आत्या."

आणि फोन ठेवला. वाद न घालता, हे पहिल्यांदाच!

१४ मार्च, शनिवार

दादा एकटाच आला. समारंभ रद्द केला म्हणाला. मी काहीतरी बोचरं बोलणार होते. त्याने हात वर केला.

"मला मेडिकलला प्रवेश मिळाला होता. तू तिसरीत होतीस, तुला नाही आठवणार. बाबांनी हे घड्याळ माझ्या पुढ्यात ठेवलं. म्हणाले, दवाखान्यातलं आपल्याकडे कोणी नाही, आपलं रक्त रेल्वेचं."

मी चहा टाकायला आत गेले. बाहेर आले तेव्हा घड्याळ त्याच्या शर्टाला टाचलेलं होतं. मान खाली घालून तो स्वतःची नाडी मोजत होता. बोटं अगदी बरोबर जागी होती.